रेघेच्या आत

विमानतळाभोवती एक रेघ होती,
नकाशावर ठळक, रस्त्यावर कुठेच नाही.
रेघेच्या आत बस फुकट.
बाथ रोडच्या हॉटेलांपासून हॅटन क्रॉसपर्यंत
कुणीही चढा, कुठेही उतरा.
कार्डाच्या यंत्रावर मी पिवळी टोपी घालायचे,
आणि ते गप्प, कापड टाकलेल्या पिंजऱ्यातल्या पोपटासारखं.

हद्द संपताना मात्र ओरडावं लागे:
इथून पुढे पैसे.
पहाटे चारला होदान तिथेच उतरायची
टर्मिनलमधले संडास घासून,
आणि उरलेले पाच थांबे चालत जायची.
पाच थांबे म्हणजे एक पाव, असा तिचा हिशेब.
एकदा म्हटलं, बस गं, कोण बघतंय.
म्हणाली, तुझी नोकरी सांडेल
आणि पुसायला मलाच बोलावतील.

आणि मिस्टर पेनफोल्ड.
चाकांची सूटकेस, एक चाक लंगडं,
हँडलला कुठल्याशा एअरलाइनचा विटका पट्टा.
रोज रात्री अकराला चढायचे, प्रवाशाच्या रुबाबात.
'टर्मिनल पाच, मॅडम. उशीर तर नाही ना झाला?'
'नाही, वेळेत आहात.'
पाचला उतरून फुकटच्या गाडीनं तीनला,
तिथून चारला, चारहून पुन्हा माझ्या बसमध्ये,
मागच्या, इंजिनाच्या उबेच्या सीटवर.
रात्रभर त्यांचं ट्रान्स्फर चालायचं.
विमान एकदाही चुकलं नाही,
कारण ते नव्हतंच.
हे आम्ही दोघांनी कधी उच्चारलं नाही.

एकदा काचेवर बोट टेकवून म्हणाले,
तिथं आमचा कोबीचा वाफा होता.
मी पाहिलं: कुंपण, अंधार, निळे दिवे.

मग डेपोत कागद लागला, दोन ओळींचा.
सोमवारपासून फुकट हद्द बंद.
जगीर, ज्यानं सव्वीस वर्षं लोकांच्या बॅगा उचलल्या,
घरी म्हणाला, फुकटचं कुणाला पचलंय?
माझा एक फुलका करपला. मी तो त्यालाच वाढला.

सोमवारी टोपी काढली.
होदान आता घरापर्यंत बसून येते;
कुठंही उतरा, भाडं तेवढंच.
'तेवढे पाय वाचले,' म्हणते,
हसत मात्र नाही.

पेनफोल्ड अकराला आले.
दाढी केलेली. टाय.
मूठ उघडली: एक पौंड पंचाहत्तर पेन्स,
धुऊन आणल्यासारखी चार नाणी.
'टर्मिनल पाच. एक तिकीट.'
आवाजात असा ताठा
की मागच्या पायलटनं फोन खाली केला.

आता कसं सांगायचं
की या बसमध्ये नाणी चालत नाहीत,
कित्येक वर्षं झाली, फक्त कार्ड;
की रिकाम्या हातानं येत होतात तोवर
तुम्ही चालत होतात.

सांगितलं. नियमाच्या आवाजात सांगितलं.
त्यांनी माझ्या खिडकीच्या कडेवर
नाणी एकावर एक रचली,
मोठं खाली, लहान वर,
जसं काही मागं कुणी थांबलेलंच नव्हतं.
'असू द्या, मॅडम. पुढच्या फ्लाइटला.'
आणि उतरले.
ते लंगडं चाक बराच वेळ ऐकू येत राहिलं,
मग एक विमान आलं, मग नाही.
मी दार उघडंच ठेवलं होतं.
बस तीन मिनिटं उशिरा सुटली,
नोंद आहे.

पहाटे हरवलेल्या वस्तूंचा फॉर्म भरला.
वस्तू: नाणी, चार.
मालक: ओळखीचा.
सापडल्याचं ठिकाण:
इथं पेन अडलं.
कारकून जांभई देत म्हणाला, थांब्याचं नाव टाक ना.
मी लिहिलं, रेघेच्या आत.
त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि शिक्का मारला.